लाल टोपण, नारिंगी टोपण

इन्सुलिनच्या सिरिंजला दोन रंगांची टोपणे येतात. आपल्याकडच्या रुग्णालयांत इन्सुलिनची बाटली बहुतेक वेळा एका मिलिलिटरला ४० युनिट ताकदीची असते आणि तिच्यासाठी लाल टोपणाची सिरिंज घ्यावी लागते. १०० युनिट ताकदीची बाटली असेल तर नारिंगी टोपणाची. दोन्ही सिरिंज सारख्याच बारीक असतात आणि दोन्हींवरचे आकडे युनिटचेच असतात, त्यामुळे अदलाबदल झाली तरी हाताला किंवा डोळ्याला काही वावगे जाणवत नाही. शंभरच्या बाटलीतले औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १६ च्या रेघेपर्यंत ओढले, तर रुग्णाच्या अंगात १६ नव्हे, ४० युनिट जातात. हा हिशेब मी नर्सिंगच्या मुलींना अनेक वर्षे फळ्यावर मांडून शिकवला आहे, आणि ज्या दिवसाविषयी मी लिहिते आहे त्या दिवशी तो चुकण्याचे मूळ माझ्याच टेबलावर होते.

मी तेव्हा नगर जिल्ह्यातल्या एका मिशन हॉस्पिटलमध्ये मेडिकल वॉर्डची इन्चार्ज होते. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत सुरू केलेल्या रुग्णालयात माझ्या आईचे नर्सिंगचे शिक्षण झाले होते, आणि सकाळची ड्यूटी प्रार्थनेने सुरू करण्याची तिची सवय माझ्याकडे आपसूक आली होती. आमच्या वॉर्डात रात्रपाळीने हँडओव्हर दिला की पावणेआठच्या सुमारास सगळ्या नर्सिंग स्टेशनपाशी उभ्या राहत, नारायण वामन टिळकांच्या एखाद्या भजनाचे कडवे म्हणत, शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एक उतारा वाचला जाई आणि पाच मिनिटांत ज्या त्या आपापल्या कामाला लागत. अर्ध्याअधिक मुली ख्रिस्ती नव्हत्या. त्याही शांतपणे उभ्या राहत, आणि टिळकांच्या अभंगांच्या चाली तर त्यांना आमच्यापेक्षा लवकर उचलता येत.

त्याच आठवड्यात आमच्या मंडळीने, म्हणजे चर्चने, शनिवारी महिलांचे शिबिर ठेवले होते आणि 'ख्रिस्ती पुढारीपण : रोजच्या जीवनात' या विषयावर बोलण्याचे काम पाळकसाहेबांनी माझ्यावर सोपवले होते. मला त्याचा आनंद झाला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. बायबलमधल्या, पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात मंडळीच्या अध्यक्षाने कसे असावे याची जी यादी आहे, ती मी भाषणासाठी घेतली होती. ती यादी वाचताना एक गंमत लक्षात येते. तिच्यात वक्तृत्वाशी संबंध असलेला गुण एकच आहे, शिकवण्याची हातोटी. बाकी नेमस्तपणा, आतिथ्य, पैशाचा लोभ नसणे, भांडखोर नसणे, घर नीट सांभाळणे हे सगळे असे गुण आहेत की ते शेजाऱ्याला आणि घरच्यांना आधी दिसतात, मंडळीला नंतर. यादीच्या शेवटी तर मंडळीबाहेरच्या लोकांचीही त्या माणसाविषयी चांगली साक्ष असावी अशी अट आहे. या अटीसाठी मी माझ्या टिपणात फक्त एक ओळ ठेवली होती, कारण तिच्यावर काय बोलावे ते मला सुचले नव्हते.

ही टिपणे मी बुधवारी दुपारी ड्यूटीवर असताना काढत होते. वॉर्ड शांत होता, हे खरे. पण ती वेळ माझी नव्हती, हेही खरे. तीनच्या सुमारास पाथर्डीकडच्या एका आजींचा मुलगा औषध घेऊन आला. डॉक्टरांनी त्या सकाळी आजींचे इन्सुलिन बदलून नव्या प्रकारचे लिहून दिले होते. ते आमच्या फार्मसीत नसल्यामुळे त्याने बाहेरून आणले होते. त्या रात्रीचा डोस जुन्याच बाटलीतून आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून नवी बाटली, असे ठरले होते. मी खोके उघडले, लेबल वाचले, ती शंभरची आहे हे पाहिले आणि मुलाला म्हटले, "ठेवते मी फ्रिजमध्ये, काळजी करू नका." बाटलीला नारिंगी टोपणाच्या सिरिंज बांधून ठेवायच्या, चार्टवर लाल शाईने ताकद लिहायची आणि संध्याकाळच्या पाळीला तोंडी सांगायचे, ही तीन कामे मला लगेच आठवली होती. नारिंगी सिरिंज स्टोअरमधून मागवाव्या लागणार होत्या, म्हणून विसरू नये यासाठी मी समोरच्या कागदाच्या समासात लिहिले : '३.१० – इन्सुलिन १०० चे. नारिंगी सि. मागवणे. चार्ट.' समोरचा कागद म्हणजे भाषणाचे टिपण. तेवढ्यात शिबिराच्या जेवणाविषयी फोन आला, मी बाटली फ्रिजच्या दारात ठेवली, कागद घडी करून ड्रॉवरमध्ये टाकला आणि चार वाजता घरी गेले.

गुरुवारी सकाळची प्रार्थना माझ्याकडे होती. शनिवारची तालीम होईल म्हणून मी योहानाचा तेरावा अध्याय घेतला : येशू जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. बेडपॅन उचलणाऱ्या हातांना हा अध्याय वेगळा समजावून सांगावा लागत नाही, असे काहीसे मी म्हणाले. मुली हसल्या. मला बरे वाटले.

प्रार्थना संपल्यावर आमच्याकडे चार महिन्यांपूर्वी लागलेल्या, बीड जिल्ह्यातून आलेल्या एका स्टाफ नर्सने फ्रिजमधून बाटली काढली, ट्रेमधली लाल टोपणाची सिरिंज घेतली, चार्टवर १६ युनिट लिहिले होते ते पाहिले आणि नाश्त्याआधी आजींना इंजेक्शन दिले. आजींनी उपम्याचे दोनतीन चमचे खाल्ले आणि बशी बाजूला सारली. सव्वानऊला मी राउंडची तयारी करत होते, तेव्हा शेजारच्या खाटेवरची बाई ओरडली, "सिस्टर, म्हातारी कसं तरीच बोलतेय." मी धावले. आजींच्या कपाळावरून घामाचे ओघळ पदरात उतरत होते, लुगड्याचा काठ ओला झाला होता, हात थंडगार होते आणि त्या माझ्याकडे पाहत कोणा दुसऱ्यालाच हाक मारत होत्या. ग्लुकोमीटरवर साखर ३४ आली, धोक्याइतकी कमी. शिरेत सुई आधीच लावलेली होती, हे नशीब. डॉक्टर येईपर्यंत २५ टक्क्यांचे डेक्स्ट्रोज, म्हणजे शिरेतून द्यायचे साखरेचे पाणी, चालू झाले, नंतर त्याचीच १० टक्क्यांची सलाईन लावली आणि दर पंधरा मिनिटांनी साखर तपासायला सुरुवात केली. पावणेदहाला ती ११८ झाली. आजींनी डोळे नीट उघडले आणि पहिले वाक्य उच्चारले ते असे : "माझा चहा गार झाला का गं?"

डॉक्टरांनी विचारले, "इन्सुलिन किती दिलेत?" त्या मुलीने उत्तर दिले, "सोळाच दिले, सर," आणि पुरावा म्हणून वापरलेली सिरिंज दाखवली. डॉक्टरांनी बाटली हातात घेऊन लेबल वाचले, सिरिंजचे टोपण पाहिले आणि काही न बोलता दोन्ही वस्तू ट्रेमध्ये शेजारी शेजारी ठेवल्या. सगळ्यांच्या नजरा मुलीकडे वळल्या. मीही तिच्याकडेच पाहिले. त्या क्षणी "थांबा, यात माझे काही आहे" इतकेच बोलायचे होते. ते मी बोलले नाही. आजींवर दिवसभर लक्ष ठेवावे लागणार होते, हाताशी कामे होती, आणि गप्प राहायला कामांइतके सोयीचे कारण नसते.

मेट्रन मॅडमनी बारापर्यंत घटनेचा अहवाल मागितला. त्या फॉर्मवर 'घटना कोणाच्या हातून घडली' असा रकाना असतो. तिथे मी त्या मुलीचे नाव लिहिले. 'कारण' या रकान्यात लिहिले, 'औषध देण्यापूर्वी लेबलवरील ताकद वाचली नाही.' या दोन ओळींत एकही शब्द खोटा नव्हता. तिने ती ताकद वाचली नव्हती आणि ती वाचणे तिचे कामच होते. मी आयुष्यात लिहिलेल्या कागदांपैकी पूर्णपणे खरा आणि पूर्णपणे फसवा असा तो एकच कागद असावा. सहीखाली मारायचा शिक्का शोधण्यासाठी मी ड्रॉवर उघडला आणि कालची घडी हाताला लागली.

एका बाजूला माझ्या सुबक अक्षरात 'अदूष्य, नेमस्त, सभ्य, आतिथ्यप्रिय' असे शब्द एकाखाली एक होते आणि समासात त्याच अक्षरात '३.१० – इन्सुलिन १०० चे.' हा कागद माझ्याखेरीज कोणी पाहिलेला नव्हता. तो फाडला असता तर कोणाला कळले नसते. मी तो फाडला नाही, पण बाहेरही ठेवला नाही. ॲप्रनच्या खिशात घातला. त्या तासाभरात मी प्रार्थना केली का, असे मला नंतर एका भगिनीने विचारले. केली होती. पण आजी सुखरूप राहाव्यात म्हणून केली होती. कागदाविषयी एक शब्द काढला नव्हता, कारण त्याचे उत्तर काय येईल हे मला ठाऊक होते.

एकच्या सुमारास ती मुलगी माझ्या टेबलापाशी आली. डोळे सुजलेले होते. मला वाटले, अहवालाविषयी विचारील, नोकरीविषयी विचारील. ती म्हणाली, "सिस्टर, मी आजींची माफी मागू का? की तसं केलं तर हॉस्पिटल अडचणीत येईल?" नवव्या-दहाव्या वर्षी शब्बाथ शाळेत मत्तयाचा पाचवा अध्याय मी पाठ केला होता : वेदीवर दान आणताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर दान तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. या मुलीने तो अध्याय ऐकलेलाही नसणार. तिला टोमणा मारायचा नव्हता, सकाळच्या रुमालाची आठवण करून द्यायची नव्हती. तिला खरोखर परवानगी हवी होती. मी तिला म्हटले, "जरा थांब. आधी मी जाऊन येते."

मेट्रन मॅडमच्या खोलीत मी दोन्ही कागद ठेवले आणि बुधवारी दुपारी काय घडले, ते मी कशाचे टिपण काढत होते यासकट सांगितले. त्यांनी समासातली ओळ वाचली, वरची यादीही वाचली, घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "अहवाल बाराला मागितला होता. दीड वाजला आहे." मग नवा कोरा फॉर्म पुढे सरकवला. 'कोणाच्या हातून' या रकान्यात त्यांनी माझ्याकडून दोन नावे लिहून घेतली, आधी माझे. त्या मुलीचे नाव खोडावे अशी विनंती मी केली होती. ती त्यांनी मानली नाही. लेबल वाचणे हे तिचेही काम होते, आणि तुमच्या पश्चात्तापापायी तिला ते शिकायचे राहून जायला नको, असे त्या म्हणाल्या. तेव्हा मला त्या कठोर वाटल्या होत्या. मेमो दोघींना मिळाला. माझा अधिक कडक शब्दांत होता आणि तो तसाच असायला हवा होता.

आजींच्या मुलाला सांगायला डॉक्टर, मी आणि ती मुलगी असे तिघे गेलो. तो चिडला, आणि त्याला तो अधिकार होता. माझ्याकडे बोट करून तो म्हणाला, "बाटली मी तुमच्याच हातात दिली होती ना? तुम्ही म्हणालात, ठेवते." म्हणजे समासातली ओळ कोणाला ठाऊक नसली तरी बाटली कोणी घेतली याचा साक्षीदार सकाळपासून वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेला होता. मी बोलले नसते तर संध्याकाळपर्यंत त्याने हेच वाक्य मोठ्याने म्हटले असते. त्यामुळे दीड वाजता मी फार मोठे काही केले, असे मला कधी वाटलेले नाही. बाहेरच्यांच्या साक्षीविषयी शनिवारी काय बोलायचे, ते मात्र मला त्या बाकाजवळ उभे असताना कळले.

पाळकसाहेबांना मी त्याच रात्री फोन करून सगळे सांगितले आणि दुसरी वक्ती बघा म्हटले. ते म्हणाले, दुसरी वक्ती ऐन वेळी मिळणार नाही, आणि मिळाली तरी तुम्ही येऊन बसाच. शेवटी मीच बोलले. यादी बाजूला ठेवली आणि गुरुवारची हकीकत, रुग्णाची ओळख कळणार नाही अशा बेताने, सांगितली. चाळीसेक बायका होत्या. शेवटी प्रश्नांना वेळ दिला, तेव्हा अंगणवाडीत काम करणाऱ्या एका बाईंनी पहिला प्रश्न विचारला : "मेमो मिळाला की पगार कापतात का हो?" सगळ्या हसल्या, मीही हसले. त्या बाई मात्र हसल्या नाहीत. कार्यक्रम संपल्यावर त्या मला गाठून आपल्या रजिस्टरमधल्या एका नोंदीविषयी अर्धा तास बोलत बसल्या. ती गोष्ट त्यांची आहे, म्हणून इथे लिहीत नाही.

त्यानंतर आमच्या वॉर्डात शंभरची बाटली आली की ती स्टीलच्या वेगळ्या डब्यात, नारिंगी टोपणाच्या सिरिंज रबराने तिला बांधूनच फ्रिजमध्ये जाऊ लागली, आणि ड्यूटीवर मी खासगी कागद टेबलावर ठेवणे बंद केले. सकाळची प्रार्थना पुढचे काही आठवडे मी स्वतःकडे घेतली नाही. मुलींनी आळीपाळीने ती चालवली. बीडच्या त्या मुलीने एकदा टिळकांचे भजन म्हटले आणि तेवढ्यावरच थांबली.

आजी आठव्या दिवशी घरी गेल्या. घरी इन्सुलिन मुलगाच देणार होता, म्हणून मी त्याला टेबलापाशी बसवले, दोन्ही रंगांच्या सिरिंज समोर ठेवल्या आणि कोणती घ्यायची, कोणती घ्यायची नाही, हे तीनदा त्याच्याकडून वदवून घेतले. लाल टोपणाची सिरिंज मी त्याच्यादेखत परत ड्रॉवरमध्ये टाकली. तो उठता उठता थांबला आणि म्हणाला, "सिस्टर, हे लिहून द्या. घरी गेल्यावर डोक्यात राहायचं नाही." मी नवा कागद घेतला, त्यावर मोठ्या अक्षरांत फक्त तेवढेच लिहिले आणि त्याला मोठ्याने वाचून दाखवायला सांगितले.