'कासव', रकाना चार आणि अडीच महिने

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी आमच्या गटाने 'कासव' पाहिला. हा चित्रपट ठरवायला मला तीन दिवस लागले आणि तो मान्य करून घ्यायला अडीच महिने. त्या अडीच महिन्यांचा राग अजून पुरता गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले. कमी माहितीचा एखादा चित्रपट सिनेमावेड्या मंडळींना सुचवायची पाळी तुमच्यावर येणार असेल, तर यातलं काही उपयोगी पडेल.

सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावात माझं औषधांचं दुकान आहे. गावातलं थिएटर बंद पडून बरीच वर्षं झाली. आम्ही पंचवीसेक जण महिन्याच्या शेवटच्या शनिवारी एका बागायतदार मित्राच्या आंबा पॅकिंगच्या शेडमध्ये जमतो आणि एक चित्रपट बघतो. शिक्षक आहेत, बँकेतले दोघे आहेत, होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा एक जण आहे, दोन सासू-सुना आहेत. चित्रपट पाळीपाळीने एकेकाने सुचवायचा, आणि तो फारसा कुणी न पाहिलेला हवा, एवढी एकच अट सुरुवातीला होती. पुढे शिफारशीचा छापील कागद आला आणि तो तपासायला तिघांची निवड समिती.

दिवाळीनंतर माझा नंबर लागला. मनात तीन नावं होती. सचिन कुंडलकरांचा 'गंध', कारण त्यातल्या तिसऱ्या गोष्टीतला कोकणातला पाऊस आणि बाजूला बसलेली नीना कुळकर्णी मी विसरू शकत नाही. पण तो आमच्यातल्या चौघांनी पाहिलेला निघाला. दुसरा 'देवराई', तोही दोघांनी पाहिला होता. तिसरा 'कासव'. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा, २०१६ चा, आपल्याच किनाऱ्यावर घडणारा. त्याचं नाव काढलं तेव्हा शेडमध्ये कुणीच हात वर केला नाही. माझ्या लेखी तिथेच निवड झाली होती.

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. कागद भरण्याआधी चित्रपट पुन्हा एकदा बघा, आणि ज्याला संथ चित्रपट सोसत नाहीत अशा माणसाला शेजारी घेऊन बघा. मी माझ्या भावाला बसवलं. तो दोनदा उठून पाणी प्यायला गेला, पण शेवटचा अर्धा तास जागचा हलला नाही. तेव्हा मला खात्री पटली.

आता रकाना चार. वर्ष, दिग्दर्शक, भाषा, लांबी हे सगळं दहा मिनिटांत भरून झालं. चौथ्या रकान्यात छापलं होतं: 'चित्रपटाला राष्ट्रीय अथवा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला आहे काय? असल्यास तो कमी माहितीचा धरला जाणार नाही.' मी प्रामाणिकपणे लिहिलं, होय, ६४ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ. आठ दिवसांनी कागद परत. वर लाल पेनाने 'अपात्र'.

मला वाटलं, समजावलं की होईल. मी समितीतल्या सरांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, सुवर्णकमळ म्हणजे देशातला पहिला नंबर. तो कमी माहितीचा कसा?" मी म्हटलं, सर, तुम्ही पाहिलाय? ते म्हणाले, "प्रश्न माझा नाही, नियमाचा आहे." हे वाक्य मी पुढच्या अडीच महिन्यांत तिघांच्याही तोंडून ऐकलं. दुसऱ्यांदा सोबत पत्र जोडून कागद दिला. तो तीन आठवडे एका पिशवीत राहिला, कारण समितीतल्या एकांच्या घरी लग्न होतं. लग्नाला मीही होते. अक्षता टाकून झाल्यावर विचारलं, तर "बैठक झाली की कळवतो." बैठक झाली ती नाताळच्या सुट्टीत, आणि पुन्हा 'अपात्र'. कारण तेच, शब्दही तेच.

मला घाई होती, ती उगाच नव्हती. मार्च उजाडला की त्या शेडमध्ये आंब्याच्या पेट्या येतात, मग मे संपेपर्यंत बसायला जागा नाही. जूनपासून पत्र्यावर पाऊस. त्या आवाजात 'कासव'सारखा हळू बोलणारा चित्रपट लावणं म्हणजे तो न लावण्यासारखंच. (पावसाळ्यात पत्र्याखाली चित्रपट लावायचाच असेल, तर खाली अक्षरं येणारा लावा. आम्ही हे एका जुलैत शिकलो.) आणि मला तो कासवांच्याच दिवसांत दाखवायचा होता. आपल्याकडे ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत वाळूत अंडी घालते, एका घरट्यात शंभराच्या आसपास. पिल्लं यायला पन्नास-पंचावन्न दिवस लागतात. म्हणजे फेब्रुवारीत आमच्या किनाऱ्यांवर घरट्यांभोवती जाळ्या लावलेल्या असतात, अंडी राखणारे कासवमित्र रात्रीच्या फेऱ्या मारत असतात. तेव्हा नाही दाखवायचा तर कधी?

खरं कारण आणखी वेगळं होतं, आणि ते कागदावर लिहायला रकाना नव्हता.

माझ्या दुकानात नैराश्याच्या गोळ्या घ्यायला येणारी माणसं गावातली नसतात. ती पंचवीस-तीस किलोमीटरवरून येतात, आपल्या गावचं दुकान ओलांडून. दुपारी अडीच-तीनला, गिऱ्हाईक नसताना. चिठ्ठी चार घड्या घातलेली असते, आणि काउंटरवर ठेवली तरी वर हात तसाच असतो. मी स्ट्रिप खाकी पिशवीत घातली की काहीजण म्हणतात, अजून एका पिशवीत घाला. रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी दोन पिशव्या आजवर कुणी मागितल्या नाहीत. 'कासव'मध्ये आत्महत्येचा प्रयत्न केलेला एक तरुण मुलगा आहे, आलोक राजवाडेने केलेला. इरावती हर्षेची जानकी त्याला कोकणातल्या घरी आणते. तिने स्वतः हा अंधार पाहिलेला आहे. ती त्याला नाव विचारत नाही, कारण विचारत नाही, जेवायला हाक मारते आणि दार उघडं ठेवते. निर्मितीत मोहन आगाशे आहेत आणि ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ. चित्रपटात ते कासवांची अंडी राखणारे दत्ताभाऊ झाले आहेत. हे सगळं आमच्या गावातल्या माणसांनी एका शेडमध्ये एकमेकांशेजारी बसून बघावं, एवढंच मला हवं होतं. आणि ते एका रकान्यापाशी अडलं होतं.

जानेवारीत मी वाद घालणं सोडलं आणि वही काढली. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेले मराठी चित्रपट पाच: 'श्यामची आई', 'श्वास', 'देऊळ', 'कोर्ट' आणि 'कासव'. काउंटरवर येणाऱ्या माणसाला, तो फार आजारी किंवा घाईत नसेल तर, विचारायचं की यातले कुठले पाहिलेत. तीन आठवड्यांत साठ जण झाले. 'श्यामची आई' बहुतेकांनी पाहिलेला, साने गुरुजी तर पालगडचे, आपलेच. 'श्वास' अर्ध्याहून जास्त जणांनी, 'देऊळ' त्याच्या मागोमाग. 'कोर्ट'ला मोजके हात. 'कासव' पाहिलेले दोन, आणि त्यातल्या एकीने तो पुण्याला लेकीकडे असताना पाहिला होता. मासे विकून परतताना बामची बाटली न्यायला आलेल्या एक मावशी म्हणाल्या, "कासव? पिक्चर? हयसर लागलोच नाय कधी." मी हे वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवलं.

तिसरा कागद मी वहीच्या झेरॉक्ससह दिला. या वेळी फोनवर बोलले नाही, समितीपुढे जाऊन बसले. मी म्हटलं, पुरस्कार दिल्लीत मिळतो, त्यामुळे चित्रपट दिल्लीला माहीत होतो. आपण शिफारस करतो ती इथे बसणाऱ्यांना. मग माहीत आहे की नाही ते इथेच विचारून ठरवायला हवं. कोकणातल्या किनाऱ्यावरचा चित्रपट कोकणातल्या साठ माणसांपैकी दोघांनी पाहिलेला असेल, तर तो कमी माहितीचा नाही असं म्हणायला तुमच्याकडे काय आधार आहे? सर बराच वेळ वही चाळत होते. मावशींच्या वाक्यापाशी थांबले. मग म्हणाले, "हे आधी का नाही आणलंत?" मला खूप राग आला, कारण आधी कुणी मागितलंच नव्हतं. पण मी गप्प राहिले, आणि त्यांनी सही केली. घरी येताना गाडीवर मी मोठ्याने गात होते.

परवानगी, प्रोजेक्टर, पडदा, खुर्च्या हे सगळं आठवड्याभरात उरकलं.

शेवटचा रकाना मात्र मी पुन्हा लिहिला. त्यात पन्नास शब्दांत, गोष्ट न सांगता, चित्रपट का बघावा ते लिहायचं असतं. आधी मी लिहिलं होतं, 'दुखावलेलं माणूस कासवासारखं कवचात मान ओढून घेतं.' वाक्य मला आवडलेलं होतं. त्या रविवारी वेंगुर्ल्याजवळ वायंगणीच्या किनाऱ्यावर गेले होते, तिथे भेटलेल्या एका कासवमित्राला अभिमानाने वाचून दाखवलं. तो म्हणाला, "ताई, समुद्रातला कासव मान भितुर घेणा नाय." तळ्यातलं घेतं, जमिनीवरचं घेतं, समुद्री कासवाला मान किंवा वल्ह्यासारखे पाय आत ओढताच येत नाहीत. इतकी वर्षं किनाऱ्यावर राहून मला हे ठाऊक नव्हतं. मग त्याने जाळीतलं घरटं दाखवलं आणि म्हणाला, पिल्लं आम्ही पाण्यात नेऊन टाकत नाही. टोपलीतून वाळूवर, पाण्यापासून थोडी लांब सोडतो. एवढं अंतर त्यांचं त्यांनी चालायचं. आम्ही फक्त कुत्री आणि कावळे लांब ठेवायचे.

तिथेच वाळूत बसून मी नवं लिहिलं: 'उचलून पाण्यात न टाकता, चालणाऱ्याच्या बाजूने नुसतं उभं राहता येतं का? हा चित्रपट ते करून दाखवतो. आपल्याच किनाऱ्यावर, घाई न करता.' जानकी त्या मुलासाठी नेमकं हेच करते, आणि हे मला चित्रपट तीनदा बघूनही त्या कासवमित्राने सांगितल्यावर कळलं. म्हणून सांगते, शिफारशीतली वाक्यं त्या विषयातल्या माणसाला एकदा वाचून दाखवा. सुतारकामावरचा चित्रपट असेल तर सुताराला.

गोष्ट सांगायची नाही हा नियम चांगला आहे, पण एका ठिकाणी तो मी मुद्दाम मोडला. चित्रपटात आत्महत्येच्या प्रयत्नाचा विषय आहे हे मी कागदावर वर, ठळक लिहिलं, आणि सुरू होण्याआधी उभी राहून सांगितलंही. ज्यांच्या घरात असं काही घडलंय त्यांना अंधारात एकदम समोर आणणं बरोबर नाही. एक बाई ते ऐकून बाहेर अंगणात जाऊन बसल्या. मध्यंतरानंतर स्वतःहून आत आल्या आणि मागच्या रांगेत बसल्या. आम्ही कुणी काही विचारलं नाही.

त्या रात्री एकतीस जण होते. किशोर कदमचा यदु बोलायला लागला की इंजिनवाला मित्र खुसखुसत होता. शेवटाकडे शेडमध्ये इतकी शांतता होती की लांबचा समुद्र ऐकू येत होता. संपल्यावर नेहमी चर्चा होते, त्या दिवशी पहिली पाचेक मिनिटं कुणी बोललं नाही. मग सर उठले आणि म्हणाले, "ताईंना आपण फार थांबवलं." एवढंच. माझा निम्मा राग तिथे उतरला. उरलेला निम्मा या कागदापायी आहे, कारण माझ्या जागी एखादा नवा, बुजरा सदस्य असता तर पहिल्याच लाल शेऱ्याला त्याने दुसरा कुठलातरी चित्रपट दिला असता, आणि 'कासव' आमच्याकडे आलाच नसता.

तेव्हा पहिला नकार आला तर चित्रपट बदलू नका. नियम शब्दशः वाचा, तो कशासाठी केला होता ते विचारा, आणि वादाऐवजी वही घेऊन जा. माझे पहिले दीड महिने नुसत्या बोलण्यात गेले.

मार्चमध्ये समितीने रकाना चार बदलला. आता तिथे छापलं आहे: 'आपल्या गावात हा चित्रपट किती जणांनी पाहिला आहे, विचारून लिहावे.'

माझा पुढचा नंबर दिवाळीनंतर येईल. मी ठरवलेला चित्रपटही भावे-सुकथनकरांचाच आहे, २००९ चा 'एक कप च्या'. कोकणातल्या एका एसटी कंडक्टरला विजेचं अवाच्या सवा बिल येतं आणि तो २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचा आधार घेऊन त्याच्यामागे लागतो. कंडक्टर किशोर कदमच. आमच्या गावातून सुटणाऱ्या गाड्यांचे तीन कंडक्टर माझ्याकडे औषधं घेतात, त्यांना तर आधीच आमंत्रण देऊन ठेवलंय. वही पुन्हा काउंटरवर आहे. आत्तापर्यंत चौतीस जणांना विचारून झालं, एकानेही पाहिलेला नाही.