तुम्ही विचारलंत म्हणून: ‘मन्हा’ तसाच का ठेवता?

मुलाखत छापून आली की आठवड्याच्या आत कुणीतरी विचारतंच. पुण्याहून, ठाण्याहून, कधी खुद्द धुळ्याहून. “सर, माणसं भारी शोधता तुम्ही. पण मधेच ती अहिराणी वाक्यं तशीच का ठेवता? वाचताना अडखळायला होतं. सरळ मराठीत लिहा ना.” एका गृहस्थांनी तर ‘मन्हा’ (म्हणजे ‘माझा’) या शब्दाभोवती लाल गोल करून पानाचा फोटो पाठवला. खाली प्रश्न, प्रुफं कोण तपासतं?

आजवर मी विद्वान उत्तरं दिली. इंग्रजी अमदानीत भारतातल्या भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रियर्सनने १९०७ साली खानदेशीला, म्हणजे आमच्या अहिराणीला, भिल्ली भाषांच्या खंडात बसवलं होतं, तेव्हा तिला बिघडलेली मराठी म्हणू नका. २०११ च्या जनगणनेत खानदेशी भाषेखाली मोजलेली माणसं साडेअठरा लाखांच्या वर होती, तेव्हा चार घरांची बोलीही म्हणू नका. समोरचा गप्प व्हायचा, मला बरं वाटायचं. (बहिणाबाईंचं नाव घेऊन माझी बाजू घेणारेही भेटतात. त्यांची बोली लेवा होती हो. जळगाव जिल्ह्यात राहून हे मला दर वेळी सांगावं लागतं.) ही उत्तरं खोटी नाहीत. फक्त माझं कारण ते नाही.

डिसेंबर २०१६ मध्ये चाळीसगाव तालुक्यातल्या विजय चौधरीने सलग तिसऱ्यांदा महाराष्ट्र केसरी मारली आणि सगळ्यांना एकदम खानदेशातली कुस्ती आठवली. एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा मला फोन आला, जुना पहिलवान शोधा, बाराशे शब्द. जानेवारीत मी बोरी नदीकाठच्या एका गावात आबांच्या ओट्यावर जाऊन बसलो. नाव सांगत नाही. कळण्याची भाकरी, भरीत, तोंडी लावायला कांद्याची पात. आबांचे दोन्ही कान मोडून आक्रोडासारखे टणक झालेले. मी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला आणि ते बोलत गेले. हौद्याच्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू कसं मुरवायचे. नारळावरच्या कुस्तीपासून पोर कसं वर यायचं. मॅटवरच्या कुस्तीबद्दल ते जे बोलले, ते मी छापलं नाही आणि आताही सांगणार नाही.

मग मी न विचारताच ते बारागाड्यांवर आले. ही गोष्ट खानदेशाबाहेर फारशी कुणाला माहीत नसते म्हणून सांगतो. बारा बैलगाड्या एकामागे एक बांधायच्या, त्या माणसांनी गच्च भरायच्या आणि उपासतापास करून आलेल्या भगताने त्या ओढायच्या. त्याला दोन्ही बाजूंनी धरून चालणारे ते बगले. ओढतो देव, असं गाव म्हणतं. आबा हसून म्हणाले, देव खराच, पण थोडा उतारही. त्यांच्या गावी हे अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, होतं. सत्तरच्या दशकातल्या एका अखाजीला डावा बगल्या आबा होते आणि उजवा त्यांचा चुलतभाऊ. गाड्या वेगात आल्या, पहिली गाडी भेलकांडली आणि कडेला उभ्या असलेल्या एका पोराचा पाय चाकाखाली गेला. पोर वाचलं, आयुष्यभर लंगडत चाललं.

गावाने निकाल त्याच संध्याकाळी लावला. दोघांत एक पहिलवान, एक किरकोळ अंगाचा. पहिलवानाचा हात कसा सुटेल? सुटला तो चुलतभावाचाच. त्याला पुन्हा कुणी बगल्या केलं नाही. चाळीस वर्षं तो ते ऐकत जगला आणि माझ्या मुलाखतीच्या आधीच गेला.

आबांनी खाटेचा दांडा डाव्या हाताने धरला. बोटं एकेक करून उघडून दाखवली, करंगळी सगळ्यात शेवटी. म्हणाले, “त्याना नई. मन्हा हात सुटना व्हता.”

मी छापलं ते असं: “गाडी वळली. हात सुटला होता.”

आता माझी बाजू ऐका. बत्तीस वर्षं मराठी शिकवलं आहे मी. मराठी माणूस ‘डोकं दुखतंय’ म्हणतो, दर वेळी ‘माझं डोकं दुखतंय’ म्हणत नाही. अवयव ज्याचा त्याचा, तिथे ‘माझा’ घालायची गरज नसते. असले शेकडो ‘माझा’ मी पोरांच्या निबंधांतून लाल शाईने खोडलेत. ‘त्याना नई’ शब्दमर्यादेत गेलं. आणि निघताना आबाच म्हणाले होते, “चांगलं मराठीमा लिख मास्तर, सोयरा वाचतीन.” नातसुनेचं माहेर पुण्याचं. मी चांगलं मराठीत लिहिलं.

दिवाळीनंतर अंक घेऊन गेलो. नातवाने ओट्यावर बसून मोठ्याने वाचला. आबा डोळे मिटून ऐकत होते. अर्ध्यात म्हणाले, “हाऊ कोन शे?” हा कोण आहे? मला वाटलं गंमत करताहेत. ‘हात सुटला होता’ आलं तेव्हा त्यांनी नातवाला थांबवलं, ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, “मन्हा कोठे गया?”

मी त्यांना व्याकरण सांगायला लागलो. खरंच सांगायला लागलो होतो. डोकं दुखतंयचं उदाहरणसुद्धा दिलं.

गावाने अंक वाचला तो गावाच्या रीतीने. हात सुटला होता म्हणजे कुणाचा, हे त्यांना चाळीस वर्षांपासून ठाऊकच होतं. आता पहिलवानाने स्वतः सांगितलं, छापून आलं, मिटलं.

यावर मी पुष्कळ वर्षं स्वतःशी भांडलो. चुलतभावाचं घर दोन गल्ल्या सोडून, मग आबांनी तो जिवंत असताना का नाही सांगितलं? परक्या मास्तराच्या फोनला सांगायचं आणि नंतर शब्द मोजायचे, हा कुठला न्याय? रागात मी हेही म्हणून घेतलं आहे. पण मग एकदा रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. आबा म्हणतात, मन्हा हात सुटना व्हता. पुढे तीन-चार सेकंद काही नाही, लांब कुठेतरी पिठाची गिरणी चालू आहे. आबा श्वास घेतात, ‘आनि’ एवढं म्हणतात. आणि त्यावर माझा आवाज येतो. “असू द्या आबा, जुनी गोष्ट. बरं, खुराक काय असायचा तुमचा?”

तेव्हा व्याकरण राहू द्या. मला पहिलवान हवा होता आणि हात सुटलेला पहिलवान मला ऐकवत नव्हता. लिहिताना मी शब्द खोडला तो नंतर, त्याआधी ओट्यावर माणूसच खोडला होता.

पुढच्या वर्षीच्या अंकात दोन ओळींचं शुद्धिपत्र आलं, अनुक्रमणिकेच्या खाली, बारीक टाइपात. गावात ते कुणी वाचल्याचं ऐकलं नाही. चुलतभावाच्या बायकोला मी जाऊन सांगतो, असं म्हणालो तर आबा म्हणाले, “तू नको सांगू.” स्वतः सांगितलं का, ते मी विचारलं नाही.

तेव्हापासून मी वाक्यं तशीच ठेवतो आणि छापण्याआधी त्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवतो. यात मी सुधारलो वगैरे समजू नका. मागच्या श्रावणात कानबाई या आमच्याकडच्या देवीच्या रोटांबद्दल एका बाईंशी बोललो. रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत, तर वाटण्या झालेल्या घरात ते संपवायचे कुणी, यावर त्या इतकं धारदार बोलल्या की मी जसंच्या तसं उतरवलं. वाचून दाखवलं तर भडकल्या. “मी शाळेत मराठी शिकवते. मला गावठी कशाला करता?” चार वाक्यं मराठीत केली, एक हट्टाने ठेवलं. आता त्या माझा फोन घेत नाहीत. त्यांचंही चुकतं असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

आबांकडे गेल्या अखाजीला पुन्हा गेलो होतो. घागरीची पूजा झालेली, घरात आंब्याच्या रसाचा वास. ‘आनि’च्या पुढचं ऐकायचं होतं मला, पण ते विचारायचं कसं? फोन काढून तांब्याला टेकवला आणि गप्प बसलो. आबांनी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“तुले खुराक पाहिजे व्हता ना, मास्तर?” म्हणाले, आणि दुधापासून सुरुवात केली. किती शेर, कुणाच्या म्हशीचं, बदाम कधी मिळायचे, कधी नाही. तासभर सांगत होते. मी एकदाही मधे बोललो नाही.