इतर हक्क

अण्णा आले ते हातात शेंगाचटणीची पिशवी घेऊन. मी आशेनं बघितलं, तर आत चटणी नव्हती, सीडी होती. उघडीच. ना पाकीट, ना डबी. वरच्या बाजूला बॉलपेननं दाबून लिहिलेलं: मोर ३.

“ही भिवंडीला पाठवायची हाय, पुतण्याला. मेलवर. तुझ्या लॅपटॉपला खण हाय न्हवं?”

खण आहे. आमच्या गल्लीत आता बहुधा माझ्याच लॅपटॉपला आहे. २०११ साली घेतलेला, दोन किलोच्या पुढचा, एप्रिलच्या सोलापुरात मांडीवर घेतला तर शेगडीच. पुढं लॅपटॉप पातळ होत गेले आणि त्यांच्या पोटातला हा खण गेला. १२.७ मिलिमीटर जाडीचं यंत्र मावणार कुठं?

अण्णांचं आयुष्य पूर्व भागातल्या एका कारखान्यात, जकार्डच्या चादरींच्या मागावर गेलं. कारखाना बंद झाला तेव्हा मालकानं कोणाला भांडी दिली, कोणाला सूत. अण्णांनी ही सीडी मागून घेतली. त्यांच्या मोराची नक्षी तिच्यात आहे. पुतण्याला भिवंडीत तोच मोर काढायचाय.

मी बटण दाबलं. खट् करून खण बाहेर आला. सीडी बसवली, आत ढकलली. दिवा लुकलुकला, आत घरघर झाली. सगळं रीतसर. आणि स्क्रीनवर ड्राइव्हच्या यादीत सी आणि डी, दोघंच बसलेले. ई नावाचा जो तिसरा गडी असायचा त्याचा पत्ताच नाही. सीडी वाचता येत नाही असंही मशीन म्हणेना. आपल्याला असा काही खण आहे, हेच त्याला ठाऊक नव्हतं.

“ओळख दाखवंना व्हय?” अण्णा म्हणाले. लग्नात समोरून गेलेल्या एखाद्या पाहुण्याबद्दल बोलावं तसं. “फुपाटा बसला असंल. मागात कापूस बसला की असंच करतंय.”

फुपाट्याचा हा दोष नव्हे, हे मला कळत होतं. काच मळली तर तबकडी वाचता येत नाही. पण ड्राइव्ह यादीतून जात नाही. तरी मी कानात घालायची काडी घेऊन बसलोच. डोक्यानं करायचं काम नडलं की हातानं करायचं काहीतरी काढावं, ही आमची घराण्याची पद्धत. खण पुरता ओढला. मसुराच्या डाळीएवढी ती काच, निळसर झाक मारणारी. हलक्या हातानं पुसली. अण्णांनी वाकून बघितलं. “एवढ्याशा डोळ्यानं वाचतंय?”

वाचतं. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा किरण, डीव्हीडीसाठी ६५०चा. म्हणून कधी कधी ड्राइव्ह सीडी वाचते आणि डीव्हीडीला नाक मुरडते. दोन किरण, त्यातला एक थकलेला. आमच्याकडं मात्र दोन्ही घरांत शांतता.

नवी पेठेतल्या ओळखीच्या दुकानदाराला फोन लावला. “साहेब, यूएसबीचा बाहेरून लावायचा घ्या की. आतलं आता कोण दुरुस्त करतंय!” बरोबरच होतं त्याचं. पण समोर अण्णा बसलेले. त्यांनी चाळीस वर्षं मागात काही अडकलं तर बाहेरून दुसरा माग आणून लावला नव्हता.

लॅपटॉप उलटा केला. ड्राइव्ह आत धरून ठेवायला खाली एकच स्क्रू असतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. तो काढला की अख्खी ड्राइव्ह बाजूनं पानाच्या डब्यातल्या तबकासारखी सरकून हातात येते. तांदळाच्या दाण्याएवढा तो स्क्रू अण्णांनी तळहातावर धरून ठेवला आणि तो हात मग हलवलाच नाही. मागची पितळी झाक असलेली टोकं पुसली, परत नीट दाबून बसवली, चालू केलं. सी आणि डी.

तेव्हा कुठं सुचलं ते, जे सगळ्यात आधी करायला हवं होतं. चालू करताना एफ २ दाबून बायोस उघडलं. विंडोज जागं व्हायच्या आधी मशीन स्वतःचे अवयव मोजतं ती ही जागा. आणि तिथं, यादीत दुसऱ्या ओळीवर, आमच्या ड्राइव्हचं नाव स्वच्छ लिहिलेलं! इथं नाव नसतं तर तार, टोकं किंवा ड्राइव्हच गेली म्हणायचं. नाव आहे म्हणजे यंत्र धडधाकट आहे, गावाला माहीत आहे. फक्त कचेरीतली नोंद बिघडलेली.

कचेरी म्हणजे डिव्हाइस मॅनेजर. तिथं ड्राइव्हच्या नावाशेजारी पिवळा त्रिकोण आणि कोड १९: रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या दप्तरातली, माहिती अपुरी किंवा खराब आहे. उपाय म्हणून नाव काढून टाकायचं आणि मशीन पुन्हा चालू करायचं. विंडोज आपणहून शोधून परत लिहितं. लिहिलं. पिवळ्या त्रिकोणासकट लिहिलं.

आता मोहोळकडच्या आमच्या चार एकरांचं सांगायला हवं. वडिलांनी एकदा सोसायटीचं पीककर्ज काढलं, फेडलं, नील दाखला ट्रंकेत ठेवला आणि निवांत झाले. दाखला ट्रंकेत ठेवायचा नसतो, तलाठ्याकडं द्यायचा असतो, म्हणजे बोजा कमी केल्याचा फेरफार होतो. हे आम्हाला कळलं ते वडील गेल्यावर, वाटणीच्या वेळी. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ म्हणून एक रकाना असतो. त्यात तो बोजा तसाच बसलेला. पैसे फिटलेले, कर्ज देणारे चेअरमनही देवाघरी. पण रकान्यात नाव आहे तोवर पुढचं कोणी काही करेना.

विंडोजच्या रजिस्ट्रीतही हा रकाना आहे. तिथं ड्राइव्हच्या वर्गाचं एक पान असतं, ४डी३६ई९६५नं सुरू होणाऱ्या लांबलचक नंबराचं, आणि त्यावर दोन नोंदी: अप्परफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स. एखादं सीडी राइट करायचं सॉफ्टवेअर आपण टाकतो, तेव्हा ते या नोंदींत स्वतःचं नाव घालून ठेवतं. यापुढं ड्राइव्हशी बोलायचं तर माझ्यामार्फत. मग आपण ते सॉफ्टवेअर काढून टाकतो, किंवा विंडोज ७चं १० करतो. मधला माणूस जातो, नाव राहतं. विंडोज दर वेळी त्याला हाक मारतं, तो ओ देत नाही, आणि विंडोज ड्राइव्हलाच बेवारस ठरवतं.

रजिस्ट्री बघायचं रेगएडिट उघडलं. आधी त्या पानाची नक्कल दुसरीकडं ठेवली. रजिस्ट्रीत हात घालायचा तर हे केल्याशिवाय घालू नये, नाहीतर ड्राइव्हच्या नादात मशीन जातं. अप्परफिल्टर्समध्ये बघितलं, तर खरंच, मी कधीच उडवलेल्या एका सॉफ्टवेअरची फाइल तिथं ठाण मांडून. दोन्ही नोंदी पुसल्या. शेतावरचा बोजा उतरवायला मला दीड वर्ष आणि मोहोळच्या कितीतरी खेपा लागल्या होत्या. इथं डिलीट दाबलं आणि झालं. थोडा रागच आला.

मशीन पुन्हा चालू होईतो अण्णांनी विचारलं, “आत असतंय काय पण? भोकं?”

सीडीच्या कारखान्यात छापलेल्या सीडीत बारीक खड्डे असतात, मी म्हणालो. पण तुमची कॉम्प्युटरवर राइट केलेली. तिच्यात रंगाचा थर असतो, तो किरणानं भाजून डाग पाडलेले असतात. भाकरीवर पडतात तसे. आतून सुरू होऊन बाहेर गोल गोल जाणारी एकच ओळ, उलगडली तर पाच किलोमीटरच्या पुढं जाईल. आणि अण्णा, हा थर वरच्या बाजूला असतो, जिथं तुम्ही बॉलपेननं लिहिलंय तिथंच, कातडीखाली.

अण्णांनी जीभ चावली. मग म्हणाले, “म्हंजे आमच्या पुठ्ठ्यावाणीच की. भोक हाय तर सुई आत जातीय, दोरा उचलतोय. न्हाई तर न्हाई.” पुठ्ठ्याच्या एकेका कार्डाला धोट्याची एकेक फेरी. अशी शेकडो कार्डं दोऱ्यानं ओवून मागावर माळ चढवायची, आणि ती फिरत फिरत मोर खाली उतरायचा.

स्क्रीनवर सी, डी आणि ई.

पुन्हा घरघर झाली. बॉलपेनला पुरून उरलेली फाइल उघडली. मोर नव्हताच तो आधी, काळेपांढरे चौकोन. लांबून बघितलं तेव्हा पिसारा दिसला. अण्णा खुर्ची ओढून जवळ आले आणि नखानं एकेक ओळ मोजत खाली गेले. तिसऱ्या पिसाच्या डोळ्यापाशी नख थांबलं.

“हे घर पांढरं ऱ्हायलंय. हितं काळं पायजे.”

“सीडी खराब झाली असेल.”

“न्हाई. तवाच चुकलंवतं. दर मोराला एक ठिपका कमी यायलावता. आमी माग थांबवून पुठ्ठ्याला भोक पाडून घेतलं. ह्यात मात्र कुणी केलंच न्हाई.”

मी फाइल लॅपटॉपवर घेतली, पेंटमध्ये तो एक चौकोन काळा केला. अण्णांनी दोनदा मोजून घेतलं. मग मेल भिवंडीला गेली. सीडीवरचं पांढरं घर आहे तसंच राहणार. एकदा भाजलेलं बदलता येत नाही.

खण उघडला. तबकडी कोमट झाली होती. अण्णांनी मधल्या भोकात बोट घालून ती उचलली, पिशवीत टाकली, पिशवीला गाठ मारली आणि दारात चपला घालताना म्हणाले, “चटणी उद्या धाडतो.”