घड्याळ लंगडतंय, आई

"तुमच्या मुलीला हे जुन्या घड्याळांचं वेड कुठून लागलं? आणि तुम्हाला काळजी नाही का वाटत?" तुम्ही विचारलंत, तुमच्याआधी बऱ्याच जणांनी विचारलंय. विचारण्यात आपुलकी असते, म्हणून एकदा नीट सांगते.

कुठून लागलं ते मलाही सांगता येणार नाही. आमच्या घरात यंत्रांची आवड कोणालाच नाही. ती नऊ वर्षांची असताना तिने माळ्यावरचं बंद पडलेलं लंबकाचं घड्याळ खाली काढायला लावलं. आम्ही ते भिंतीवर टांगलं, चावी दिली, लंबकाला झोका दिला. पाच मिनिटांत थांबलं. पुन्हा झोका, पुन्हा तेच. तीन दिवस असं चाललं. चौथ्या दिवशी ती पेटीला कान लावून उभी राहिली आणि म्हणाली, "आई, हे लंगडतंय."

मला काहीच ऐकू येईना. मग तिने टाळी वाजवून ताल दाखवला: टिक, टॉक, मोठा खंड, टिक, टॉक, मोठा खंड. दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं नव्हतं, कारण घड्याळ जरासं तिरकं टांगलं गेलं होतं. पेटीचं खालचं टोक बोटभर सरकवलं आणि ते चालत राहिलं. घड्याळ दुरुस्त करणारे सगळ्यात आधी हाच ताल ऐकतात, हे आम्हाला खूप नंतर कळलं. तिला ते कोणी शिकवलं नव्हतं. त्या दिवसापासून मी या आवडीला खूळ म्हणणं सोडलं.

आता ती अकरा वर्षांची आहे. घड्याळ रोज किती सेकंद पुढे किंवा मागे गेलं, त्याची वही ठेवते. उन्हाळ्यात ते मागे पडायला लागलं तेव्हा कारण तिनेच शोधलं: उष्णतेने लंबकाची दांडी लांबते आणि झोका मंदावतो. पोलादी दांडी असेल तर एका अंशाला दिवसाकाठी साधारण अर्धा सेकंद. हा हिशोब ती मला समजावत होती तेव्हा मी भाजी चिरायची थांबले होते. वर्गमूळ तिच्या शाळेत अजून आलेलं नाही, पण लंबकासाठी तिने ते शिकून घेतलं.

काळजी वाटते का? वाटते. थोडी कामाची काळजी आहे. गुंडाळलेली स्प्रिंग एकदम सुटली तर बोटं फुटू शकतात, म्हणून ताण उतरवल्याशिवाय यंत्र उघडायचं नाही, आणि ताण मोठ्या माणसासमोरच उतरवायचा. अंधारात चमकणाऱ्या काट्यांची जुनी घड्याळं आमच्याकडे उघडायचीच नाहीत. त्यांतल्या कित्येकांच्या रंगात रेडियम असायचं. चमक गेली तरी किरणोत्सर्ग जात नाही. हे नियम तिला पटवून दिले तेव्हा तिने एकदाही वाद घातला नाही.

पण तुमचा रोख त्या काळजीकडे नसतो. ती एकटी पडेल का, हे तुम्हाला विचारायचं असतं. कधीकधी पडते. मधल्या सुट्टीत बोलायला विषय नसतो, असं ती स्वतः सांगते, आणि ते ऐकताना मला त्रास होतो. एक मैत्रीण आहे. तिला घड्याळात रस नाही, पण हिच्या शेजारी बसून ती चित्रं काढते. दोघी तासन् तास एकाच टेबलावर असतात. मला तेवढं पुरेसं वाटतं.

तिचं सगळ्यात जास्त नुकसान मात्र मीच केलं. पाहुणे आले की मी तिला पुढे करायचे. "सांग ना, लंबकाचं घड्याळ कोणी बनवलं?" ती सांगायची: ख्रिस्तियान हायगेन्स, १६५६. मग सगळे कौतुकाने हसायचे. एका संध्याकाळी पाहुणे गेल्यावर तिने वही कपाटात ठेवली आणि तीन आठवडे घड्याळाला चावी दिली नाही. घरात एवढी शांतता कधीच नव्हती. मी माफी मागितली. ती म्हणाली, "ते मला नाही, तुला विचारत असतात."

नंतर एकदा ती तापाने पडून होती. मी तिला वाचून दाखवलं की हाच हायगेन्स १६६५ मध्ये आजारी असताना खोलीतली दोन घड्याळं बघत बसला होता, आणि एकाच आधाराला टांगलेल्या त्या दोन्ही घड्याळांचे लंबक आपोआप एकमेकांच्या उलट, पण एकाच तालात झुलायला लागले होते. ती उठून बसली. "आपल्याकडे दुसरं घड्याळ आहे का?" तीन आठवड्यांनी पहिल्यांदा तिने स्वतःहून विषय काढला होता.

दुसरं आम्ही शोधतोय. याचा पुढे उपयोग काय, हेही तुम्ही विचारलंत. मला माहीत नाही, आणि मी तिला तसं विचारत नाही. घरी आलात तर घड्याळ मागे पडल्यावर लंबकाखालचा नट कोणीकडे फिरवायचा, ते तिलाच विचारा. मी स्वयंपाकघरात असेन.