पांढऱ्या बनियनमधला डौल

१३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर ‘लाइव्ह एड’ या मदतनिधीच्या मैफलीत क्वीन या ब्रिटिश रॉक बँडने जी सुमारे २१ मिनिटे गाजवली, त्यांचे चित्रण पुन्हा पुन्हा पाहताना माझे लक्ष दर वेळी फ्रेडी मर्क्युरीच्या पोशाखाकडे जाते, कारण एरवी सॅटिनचे झगे मिरवणाऱ्या या गायकाच्या अंगात त्या दिवशी केवळ पांढरे बनियन आणि फिकट जीन्स होती. बाहेर अजून उजेड होता, त्यामुळे रंगीत दिव्यांचीही साथ नव्हती. हाती होता तो पाया नसलेला, माइकचा अर्धाच दांडा. तरीही त्याने शब्दांविना एक सुरावट फेकली आणि सुमारे ७२,००० श्रोत्यांनी ती जशीच्या तशी परत केली. मग दुसरी, त्याहून अवघड. गुरूने जागा घ्यावी आणि शिष्याने ती उचलावी, तशी ही तालीम भर मैदानात चालली होती.

अल्लादिया खाँसाहेबांच्या गायकीचा वारसा सांगणाऱ्या कोल्हापुरात मी वाढले. गाताना हातवारे केले की सुरावरचे ध्यान उडते, असे आमच्या घरी मानत असत, त्यामुळे मैत्रिणीकडून आणलेली क्वीनची कॅसेट मी दार लावून ऐकत असे. पण याच गावचे संगीतसूर्य केशवराव भोसले ध्वनिक्षेपक नसलेल्या काळात, स्त्रीभूमिकांतही, शेवटच्या रांगेपर्यंत गाणे पोहोचवत असत, आणि ते केवळ गळ्याने साधले असेल असे मला वाटत नाही. फ्रेडीचा भपका मला याच परंपरेतला वाटतो. तो गाण्यावर चढवलेला दागिना नाही, गाणे दूर नेण्याची ती रीत आहे.

फ्रेडी म्हणजे मूळचा फारोख बल्सारा. १९४६ साली झांझिबारमध्ये एका पारशी कुटुंबात जन्मला आणि शिकायला आला तो आमच्यापासून काही तासांवरच्या पाचगणीत, सेंट पीटर्स शाळेत. तिथे तो पियानो वाजवत असे आणि मुलांच्या ‘द हेक्टिक्स’ या बँडमध्ये सामील झाला. पाचगणीच्या घाटात गाडी वळली की मला अजूनही त्याची आठवण होते.

क्वीन म्हणजे एकटा फ्रेडी नव्हे, हेही सांगितले पाहिजे. ब्रायन मेने वडिलांच्या मदतीने स्वतः घडवलेली गिटार, रॉजर टेलरचा तार सप्तकात सहज चढणारा आवाज आणि मागे शांतपणे उभा राहून बेस सांभाळणारा जॉन डीकन, यांच्या भक्कम ठेक्यामुळेच पुढच्याला मोकळेपणाने वावरता आले. १९७५ च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’त फ्रेडी, मे आणि टेलर या तिघांचेच आवाज टेपवर थरांवर थर चढवून ऑपेराचा अख्खा वृंद उभा केला आहे. जवळजवळ सहा मिनिटांच्या या गाण्यात ध्रुपद पुन्हा येत नाही, तरी ऐकणाऱ्याचे बोट कुठेही सुटत नाही.

१९९१ मध्ये ‘दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’ या गाण्यासाठी फ्रेडीचे अखेरचे चित्रण झाले. आजाराने शरीर झिजले होते; मांजरांची चित्रे रंगवलेले जाकीट घालून तो जवळजवळ एकाच जागी उभा आहे. पूर्वीची धावपळ गेली आहे, रंगही गेले आहेत, कारण चित्रण कृष्णधवल आहे. मात्र हात वर जातो तेव्हा बोटे तशीच डौलात उघडतात, आणि गाण्याच्या शेवटी तो थेट कॅमेऱ्यात पाहून हलकेच हसतो.