अण्णांचा माग आणि माझा पहिला कॅमेरा

येत्या दिवाळीला माग सोडायचा, असं अण्णांनी जानेवारीतच आईला सांगून टाकलं. ३१ वर्षं चादरीच्या यंत्रमागावर उभं राहून गुडघे गेलेत, डाव्या कानाला कमी ऐकू येतं. ते ऐकलं आणि माझ्या लक्षात आलं, की मागावर काम करतानाचा त्यांचा एकही धड फोटो घरात नाही. लग्नातले आहेत, तुळजापूरचे आहेत, माझ्या बारशातला आहे. ज्या जागी त्यांचं अर्धं आयुष्य गेलं, तिथला एकही नाही.

मोबाइलवर काढून बघितले. शेडमधल्या ट्यूबलाइटच्या उजेडात मोबाइल चेहरा गुळगुळीत करून टाकतो. अण्णांच्या भुवयांवर, कानाच्या पाळीवर कापसाचे बारीक तंतू बसलेले असतात, ते सगळे पुसले जातात. मला तर तेच हवे होते. शिकवण्यांचे साठवलेले पैसे होते, त्यातून छोटा, नवशिक्याला झेपेल असा डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला आणि लेन्स बदलता येणारा कॅमेरा घ्यायचं ठरवलं. छोटा अशासाठी की माझा हात लहान आहे, आणि दोन मागांच्या मधली वाटही अरुंद.

सगळीकडे दोनच नावं पुन्हा पुन्हा ऐकू येत होती. कॅनन २००डी आणि निकॉन डी३५००. पहिला २०१७ चा, दुसरा २०१८ चा. दोन्हींत २४.२ मेगापिक्सेलचा एपीएस-सी आकाराचा सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी चिप, दोन्हींबरोबर १८-५५ एमएमची झूम लेन्स मिळते. बॅटरी आणि कार्ड घालून कॅनन ४५३ ग्रॅम, निकॉन ४१५. निकॉनने डी३५०० बनवणं थांबवलंय, म्हणजे तो घ्यायचा तर जुनाच घ्यावा लागणार. माझं बजेटही जुन्याचंच होतं.

योग असा, की दोन्ही कॅमेरे मला गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या आठवड्यातच हाताळायला मिळाले. आमच्या गल्लीतले एक दादा लग्नाचे फोटो काढतात, त्यांच्याकडे २००डी जादाचा म्हणून ठेवलेला असतो. डी३५०० पुण्याहून यात्रेला आलेल्या आतेभावाचा. "घे की आठ दिवस, मी काय सारखा फोटो काढत नाही," म्हणाला.

भोगीच्या दिवशी अक्षता सोहळ्याला दोन्ही कॅमेरे घेऊन गेले. मिरवणुकीतल्या सात उंच काठ्या, म्हणजे नंदीध्वज, आणि जिकडे बघावं तिकडे बाराबंद्या, बंदांनी बांधायचे पांढरे अंगरखे. पहिले वीसेक फोटो घरी येऊन बघितले तर सगळे मळकट, दुधात राख कालवल्यासारखे. दादांनी समजावलं, की कॅमेऱ्याला बाराबंदी पांढरी आहे हे कळत नाही, तो समोरचं सगळं मधल्या राखाडीवर आणून ठेवतो. पांढरं जास्त असलं की आपण होऊन उजेड वाढवायचा, प्लस एक. दुसऱ्या दिवशी तसं केलं आणि बाराबंद्या पांढऱ्या झाल्या.

कॅमेरा निवडताना काय बघायचं, ते मला या प्लस एकमुळे कळलं. ती सेटिंग गर्दीत, डोळा व्ह्यूफाइंडरला, म्हणजे बघायच्या खिडकीला लावलेला असताना, न बघता बदलता आली पाहिजे. दोन्हींत चाक एकच आहे, त्यामुळे एक बटण दाबून धरायचं आणि चाक फिरवायचं. निकॉनचं ते बटण शटरच्या अगदी पाठीशी आहे, कॅननचं मागच्या बाजूला, अंगठ्याखाली. माझ्या बोटांना कॅननचं लगेच सापडलं. आतेभावाला निकॉनचंच बरं वाटतं, त्याचे हात मोठे आहेत. निकॉनची पकड खोल आहे हे मात्र खरं, तासाभरानंतर तो हातात जास्त निवांत बसतो.

आणि बॅटरी! निकॉनची एका चार्जवर १५५० फोटो टिकते असं कंपनीचं माप, कॅननची ६५०. मला दोन्ही पुरल्या, पण यात्रेचे तीन दिवस निकॉन एकदाही चार्जिंगला लावावा लागला नाही. व्ह्यूफाइंडर आरशाचा असल्यामुळे त्यातून बघायला वीज लागत नाही. उन्हात त्याचा फायदा मोबाइलवाल्यांनी अनुभवावा. दुपारी तळ्याच्या काठावर मोबाइलच्या पडद्यावर स्वतःचाच चेहरा दिसतो. आमच्या मे महिन्यात तर पारा चाळिशी पार करतो, तेव्हा त्या उजेडात पडदा बघून फोटो काढणं अशक्यच. एक गोष्ट मात्र शिकावी लागली. दोन्हींच्या व्ह्यूफाइंडरमध्ये चित्राचा ९५ टक्केच भाग दिसतो. नंदीध्वजाच्या एका चांगल्या फोटोत कोपऱ्यातून कुणाचा तरी फुगा आत आलाय. फोटो काढताना तो मला दिसलाच नव्हता.

पण माझी खरी परीक्षा शेडमध्ये होती.

मालकांची परवानगी काढून रविवार सोडून एका संध्याकाळी गेले. कारखाना सुरू असताना तिथे बोललेलं ऐकू येत नाही, मग कॅमेऱ्याची फोकस झाल्याची टिक कुठली ऐकू यायला! व्ह्यूफाइंडरच्या कडेला एक गोल ठिपका पेटतो, त्यावर विश्वास ठेवायचा. कमी उजेडात मधला फोकस पॉइंटच भरवशाचा, दोन्ही कॅमेऱ्यांचा. तो अण्णांच्या डोळ्यावर धरायचा, शटर अर्धं दाबायचं, आणि मग चौकट हलवायची.

आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळणारा धोटा फोटोत गोठवावा म्हणून शटर १/५०० सेकंद ठेवलं. एक फोटो उजळ, पुढचा काळपट, त्यापुढचा पिवळसर. वाटलं, कॅमेराच बिघडला. दादांना फोन लावला, मागांच्या खडखडाटात काही कळेना, म्हणून रस्त्यावर येऊन बोलले. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. १/५०० ला त्यातला कधी चढ सापडतो, कधी उतार. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की प्रत्येक फोटोत एक किंवा दोन अख्खी आवर्तनं येतात आणि रंग सारखा राहतो. तसं केलं. धोटा पुसट रेघ झाला, पण अण्णांचा चेहरा स्वच्छ आला. धोटा पळताना रेघच दिसतो, तेच खरं आहे, असं मला तो फोटो बघून वाटलं.

आता उजेडाचं गणित. १८-५५ लेन्स ५५ ला नेली की तिचं तोंड एफ ५.६ च्या पलीकडे उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं). १/१०० ला फोटो नीट यायला आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, १२८०० लागत होता, आणि चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखे दाणे. दादांनी आपली ५० एमएमची एफ १.८ लेन्स बरोबर दिली होती. ती एफ २ ला लावली आणि तोच फोटो आयएसओ १६०० मध्ये आला. तीन पायऱ्यांचा फरक, दर पायरीला उजेड दुप्पट. दोन्हींत सेन्सर तेवढ्याच मेगापिक्सेलचा, पण फोटो बदलला तो लेन्समुळे.

आणि इथेच माझा निर्णय झाला. डी३५०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही. निकॉनची जुनी, स्वस्त ५० एमएम त्यावर बसते, पण फोकस हाताने करावा लागतो. मोटर असलेली घ्यायची तर पैसे जास्त. कॅननची ५० एमएम एसटीएम १६० ग्रॅमची, स्वस्त, आणि तिच्यात मोटर आहे. शिवाय २००डीचा पडदा बाहेर ओढून वळवता येतो. मागाच्या खालून, अण्णांच्या हातांकडे बघणारा फोटो मी कॅमेरा जमिनीजवळ धरून, पडदा वर वळवून काढला. पडद्यावर बोट टेकवलं की फोकस तिथे झटकन जातो. निकॉनचा पडदा पक्का बसवलेला आणि त्यावरून फोकस करताना तो चाचपडतो. माझ्यासारखं काम नसेल, मुलांचे, सहलीचे फोटो काढायचे असतील, तर निकॉनची बॅटरी आणि पकड बघून मी तोच घ्या म्हणेन.

नवा २००डीचा दुसरा अवतार, २०१९ चा, घ्यावा का असाही विचार केला. बॅटरी त्याची चांगली आहे, १०७० फोटोंची. पण वरच्या फ्लॅशच्या जागेतली मधली पिन कंपनीने काढून टाकलीय, त्यामुळे साधे फ्लॅश आणि ट्रिगर त्यावर चालत नाहीत. पुढेमागे दादांचा फ्लॅश मागून आणायचा तर अडचण. शिवाय किंमत.

जुना शोधताना पहिल्या दुकानात मन खट्टू झालं. "एकदम कमी वापरलेला आहे, ताई" म्हणून दाखवलेला २००डी वरून चकचकीत होता. दादांनी शिकवल्याप्रमाणे लेन्स काढून मोबाइलचा टॉर्च एका बाजूने मारला आणि दुसऱ्या बाजूने बघितलं. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. बुरशी. दुकानदार म्हणाला धूळ आहे, पुसली की जाते. काचांच्या आतली बुरशी पुसायला लेन्स उघडावी लागते, आणि तिने काच खाल्ली असेल तर डाग राहतोच. मी कॅमेरा ठेवून बाहेर आले. निकॉनच्या फोटोच्या माहितीत शटर किती वेळा उडालं तो आकडा असतो, कॅननच्या फोटोत तसा सहज मिळत नाही, म्हणून कॅनन घेताना विकणारा माणूस बघणं भाग होतं.

शेवटी सात रस्त्याजवळ राहणाऱ्या एका कॉलेजच्या मुलाकडून घेतला. तो मिररलेसकडे, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्याकडे चालला होता. बिल होतं, मूळ बॅटरी होती. चहाच्या टपरीवर बसून अर्धा तास तपासला. एफ १६ ला आभाळाचा फोटो काढून सेन्सरवर डाग आहेत का बघितलं, लेन्सवर टोपी घालून तीस सेकंदांचा काळा फोटो काढून त्यात पेटलेले ठिपके शोधले, प्रत्येक बटण, फ्लॅश, पडद्याची बिजागरी, सगळं. मुलगा न कंटाळता थांबला. ५० एमएम मात्र मी नवी घेतली.

पहिल्याच आठवड्यात एक चूक केली. शेडच्या आतच लेन्स बदलली. दोन दिवसांनी सिद्धेश्वर तळ्याचा फोटो एफ ११ ला काढला तर आभाळात तीन काळसर ठिपके. रडू यायचं बाकी होतं. मेनूत सेन्सर हाताने साफ करण्याची सोय आहे, आरसा वर जातो. कॅमेरा पालथा धरून रबरी ब्लोअरने हवा मारली, दोन ठिपके गेले. तिसरा दादांनी काढला. तोंडाने फुंकर मारायची नाही, थुंकीचे कण बसतात, हे त्यांनी तीनदा बजावलं. आता लेन्स बाहेर रस्त्यावर, कॅमेऱ्याचं तोंड खाली करून बदलते.

त्यानंतर दर शनिवारी संध्याकाळी जाते. दोन मागांच्या मध्ये ५० एमएम लावून मागे सरकायला जागा नसते. २००डीवर ती साधारण ८० एमएमसारखी वागते, म्हणून तिच्यात चेहरा आणि हात एवढंच मावतं. अख्खा माग हवा असेल तर १८-५५ लावायची. कॅमेरा छोटा असल्याचा फायदा असा, की बाकीचे कामगार आता माझ्याकडे बघत नाहीत. मोठी लेन्स घेऊन आले असते तर सगळे केस नीट करून उभे राहिले असते.

गेल्या शनिवारी ताण्यातला, म्हणजे उभ्या धाग्यांतला एक धागा तुटला. अण्णांनी माग थांबवला, वाकले, तुटलेलं टोक चिमटीत धरलं, नवीन धागा लावून गाठ मारली. त्यांचा अंगठा तिथे चपटा झालाय, नख आडवं वाढतं. भुवयांवर कापूस, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मी सात फोटो काढले. पाचवा बरोबर आला.

घरी जेवणं झाल्यावर पडद्यावर दाखवला. आई म्हणाली, "किती थकलेत गं हे." अण्णांनी चष्मा पुसला, फोटो दोन बोटांनी मोठा करायला शिकवला तसा केला, चेहऱ्यावरून पुढे सरकत कापडापर्यंत गेले, आणि बराच वेळ तिथेच थांबले.

"इथं बघ की," ते म्हणाले. "गाठीच्या शेजारी अजून एक तार ढिली हाय. मला तवा दिसलीच नाही."

सोमवारी सकाळी कामावर गेल्या गेल्या त्यांनी ती आधी घट्ट केली. फोटो १/१०० ला, एफ २.२, आयएसओ १६०० वर काढलेला आहे.