एका पिंपासाठी पाचशे वेली

निफाड तालुक्यातील द्राक्षबागेत लहानाची मोठी झाल्यामुळे काढणीच्या कामात आपल्याला नवे काही शिकायचे उरलेले नाही, अशी माझी समजूत होती. तारागोना येथील विद्यापीठात वाइननिर्मितीचे शिक्षण घेत असताना प्रात्यक्षिकासाठी सप्टेंबर ते डिसेंबर असे चार महिने मी कातालोनियातील प्रिओरात या डोंगराळ भागात, पोरेरा गावाजवळच्या एका कुटुंबाकडे राहिले, आणि ती समजूत पहिल्याच आठवड्यात गळून पडली. बाग सत्तरी ओलांडलेले आजोबा पाहत आणि तळघराची सूत्रे त्यांच्या मुलीच्या हाती होती.

तेथे माती अशी जवळपास नाहीच. लिकोरेया नावाचा काळपट, अभ्रकामुळे चमकणारा पाटीचा दगड पापुद्र्यापापुद्र्यांनी फुटलेला असतो आणि वेलीची मुळे पाण्याच्या शोधात त्याच्या भेगांतून कित्येक मीटर खोल उतरतात. बाराव्या शतकात स्काला देई येथे मठ वसवणाऱ्या कार्थुसियन साधूंनी या उतारांवर द्राक्षे वाढवली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फिलॉक्सेरा किडीने बागा मारल्या आणि गावे ओस पडत गेली. 1989 च्या हंगामात ग्रातायोप्स गावात एकत्र आलेल्या मोजक्या वाइनकारांनी या भागाचे नाव पुन्हा वर आणले. पुढे रिओहाप्रमाणेच सर्वोच्च दर्जा मिळालेला हा स्पेनमधील दुसरा प्रदेश ठरला. त्या किडीनंतर येथे सर्वत्र अमेरिकी खुंटांवर कलमे बांधावी लागली, हे ऐकून मला आमच्याकडच्या डॉगरिज या खुंटाची आठवण झाली.

वेलींना तार नाही, मांडव नाही. गार्नाचा आणि कारिन्येना या जातींची जुनी, गुडघ्याएवढी खोडे उतारावर एकेकटी उभी असतात आणि जुन्या वेलीवर किलोभर माल भरेलच असे नाही. वडिलांना फोनवर सांगितले तेव्हा त्यांनी सवयीने विचारले, “एकरी किती निघतो?” मी सहा-सात क्विंटल म्हटले. आमच्याकडे शंभर क्विंटलच्या गोष्टी चालतात, पलीकडे बराच वेळ शांतता होती, आणि मग, “अगं, मग ते खातात काय?”

काढणीचा दिवस ठरवण्यातच दोन आठवडे गेले. मी रोज ठरावीक ओळींतून दोनशे मणी गोळा करून रस काढत असे आणि ब्रिक्स म्हणजे रसातील साखरेचे प्रमाण, आम्लता व पीएच वहीत लिहीत असे. ब्रिक्स 24 च्या पुढे गेल्यावर मी रोज उत्साहाने आकडा सांगू लागले, पण आजोबा वहीकडे पाहतही नसत. ते मणी चावून बी तळहातावर थुंकत. बी हिरवट असेल तर तिचा तुरटपणा वाइनमध्ये उतरतो. ती तपकिरी होऊन दाताखाली भाजलेल्या दाण्यासारखी फुटली पाहिजे. शेवटी पावसाचा अंदाज असतानाही त्यांनी चार दिवस थांबायचे ठरवले. पाऊस आला नाही, हे आमचे नशीब.

काढणी उजाडताच सुरू होई आणि ऊन चढण्यापूर्वी थांबे. घड लहान क्रेटमध्ये भरत, कारण मोठ्या क्रेटमध्ये खालचे मणी फुटतात आणि त्या उतारावर जड ओझे पेलणे शक्यही नसते. तळघरात खराब मणी निवडून, देठ वेगळे करून माल टाकीत जाई. आंबवण सुरू झाली की साली वर येऊन घट्ट थर बनतो; रंग आणि तुरटपणा त्याच थरात असल्यामुळे तो दिवसातून दोन-तीन वेळा दांड्याने खाली दाबावा लागतो. पहिल्या दिवशी माझे खांदे अक्षरशः निकामी झाले.

माझी चूक झाली ती तिसऱ्या रात्री. टाकीच्या तापमानावर लक्ष ठेवण्याची पाळी माझी होती; दहा वाजता 29 अंश पाहून मी पडले, ती पहाटे चारला जागी झाले तेव्हा काटा 34 वर होता. त्याच्या थोडे वर गेले की यीस्ट मरू लागते. थंड पाण्याची नळी सोडली, रस खालून काढून वरून ओतत त्याला हवा दिली, तरी रसाची घनता, जी साखर संपत जाते तशी उतरते, 1,010 वर दोन दिवस अडून बसली. गोडवा शिल्लक राहिला असता तर ती टाकी वायाच होती. मला कोणी रागावले नाही, आणि त्याचेच अधिक वाईट वाटले. तिसऱ्या दिवशी घनता पुन्हा उतरू लागली आणि आठवड्याअखेर 994 वर स्थिरावली.

वाइन काढून घेतल्यावर उरलेल्या साली उपसण्यासाठी टाकीत उतरावे लागते. त्याआधी आजोबांच्या मुलीने आत पेटती मेणबत्ती सोडली. तळाशी कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो आणि ज्योत विझली तर माणसाने उतरायचे नसते. जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी आमच्याकडे कंदील सोडत, तो याच कारणाने.

शंभर किलो द्राक्षांमागे सुमारे 65 लिटर, या हिशेबाने तीनशे लिटरच्या एका ओक लाकडाच्या पिंपासाठी जवळपास पाचशे वेली लागल्या. पिंपात दुसरी, संथ आंबवण होते, जिच्यात जिवाणू मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्ल करतात. आजोबांनी मला पिंपाच्या तोंडाशी कान लावायला सांगितले. आत तव्यावर मीठ तडतडावे तसा बारीक आवाज येत होता. डिसेंबरच्या थंडीत तो थांबला. जिवाणू मेले नाहीत, झोपले आहेत, वसंतात तळघर तापले की उठतील, असे मुलीने सांगितले. मी निघाले त्या सकाळी माझ्या टाकीची तिन्ही पिंपे गप्प होती आणि आजोबा त्यांच्यात घटलेली वाइन काठोकाठ भरत होते.